दुधारी पात्याचा हिशेब

सेलूच्या बाजारपेठेतील एका व्यापारी कुटुंबात चातुर्मासाच्या तोंडावर एक लहानसा प्रसंग घडला. घरात वर्षानुवर्षे कामाला येणाऱ्या मावशींनी ओल्या कचऱ्याची पिशवी उचलली आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेले दाढीचे जुने ब्लेड त्यांच्या अंगठ्यात खोलवर शिरले. जखम धुतली गेली, डॉक्टरांनी दोन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. आठवडाभराची भरपगारी रजाही मिळाली. उपचारात कसूर झाली नाही. परंतु ते ब्लेड कोणाचे, या प्रश्नाला घरातील तिन्ही पुरुषांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

त्या घरात रुपया-रुपयाची नोंद रोजमेळात होते. मात्र रोज सकाळी हाताळली जाणारी ही धारदार वस्तू केव्हा घरात आली, किती दिवस चालली आणि कोठे गेली, याची नोंद कोणत्याच वहीत नव्हती. आजोबा चाळीस वर्षे एकच ब्लेड वापरत होते, ते केवळ सवयीने. मुलगा दुकानातील सर्वांत स्वस्त पाकीट उचलत असे. पुण्याला शिकून आलेला नातू कार्ट्रिजचा रेझर वापरत होता आणि मधूनमधून दुधारी ब्लेडही. आपलीच निवड योग्य, असे तिघांनाही वाटत होते. अखेर आजोबांनी एक कोरी वही काढली आणि तीन महिने ब्लेडचा हिशेब ठेवण्याचे ठरवले.

या वस्तूचा इतिहास प्रथम पाहण्यासारखा आहे. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतील फिरता विक्रेता होता. बाटलीच्या पत्र्याच्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटर यांनी त्याला सल्ला दिला, की एकदा वापरून फेकून दिली जाईल आणि गिऱ्हाईक पुन्हा घ्यायला येईल, अशी वस्तू शोधावी. त्यातून पातळ, बदलता येणाऱ्या दुधारी पात्याची कल्पना निघाली. कंपनी १९०१ साली स्थापन झाली, १९०३ साली विक्री सुरू झाली आणि त्या पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर व १६८ ब्लेड विकले गेले. १९०४ साली पेटंट मिळाले आणि पुढे हे पाते जगभर पोहोचले. वस्तऱ्याला धार लावण्याचा चामडी पट्टा घरोघरीच्या खुंटीवरून उतरला. ‘वापरा आणि फेका’ हा विचार या पात्याच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

भारतात हे पाते देशी कारखान्यांनी गावोगाव नेले. कोलकात्याच्या मल्होत्रा घराण्याचे टोपाझ, ठाण्याच्या वागळे औद्योगिक वसाहतीतील विद्युत मेटॅलिक्सचे सुपरमॅक्स आणि जुने परिचित सेव्हन ओ’क्लॉक ही नावे परभणी, जिंतूर, मानवत, गंगाखेड येथील जनरल स्टोअर्सच्या गल्ल्याशेजारी अनेक पिढ्यांनी पाहिली आहेत. अलीकडे जपानचे फेदर, तुर्कस्तानचे डर्बी ही ब्लेडही मागवता येतात. फेदरची ख्याती अतितीक्ष्ण म्हणून, तर डर्बीची सौम्य म्हणून आहे. परंतु ख्याती म्हणजे दुसऱ्याच्या गालाचा अनुभव. तो आपल्या गालाला लागू पडेलच असे नाही.

वरकरणी ही सर्व पाती सारखीच दिसतात. लांबी सुमारे ४३ मिलिमीटर, रुंदी २२, जाडी अवघी एक दशांश मिलिमीटर. मधली खाचही सारखी, त्यामुळे कोणतेही ब्लेड कोणत्याही दुधारी रेझरमध्ये बसते. फरक असतो तो पोलादाच्या पोतात, धारेच्या कोनात आणि धारेवरील मुलाम्यात. क्रोमियममिश्रित पोलाद गंजाला दाद देत नाही. त्यावर काही ब्लेडना प्लॅटिनम वा क्रोमियमचा अतिसूक्ष्म थर असतो आणि त्याहीवर नॉनस्टिक तव्याला असतो त्याच जातीचा निसरडा लेप असतो. नवे ब्लेड सहज सरकते ते या लेपामुळे.

पोलादापेक्षा सुमारे ५० पटींनी मऊ असलेला केस पोलादाची धार कशी घालवतो, हे कोडे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांचा निबंध २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धार केवळ घासून बोथट होत नाही. केस विशिष्ट कोनात वाकून धारेवर आला आणि त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की धारेचा बारीकसा टवका उडतो. म्हणूनच दोन ब्लेड पहिल्या दिवशी सारखी वाटली तरी चौथ्या दिवशी वेगळी वागू शकतात. पहिल्याच दाढीवरून दिलेला निकाल विश्वासार्ह नसतो, तो यामुळे.

सेलूच्या त्या घराने तुलना केली ती व्यापाऱ्याच्या शिस्तीने. चार प्रकारची ब्लेड आणली. सूनबाईंनी वेष्टणे काढून प्रत्येक प्रकाराला क्रमांक दिला आणि क्रमांकांची यादी तिजोरीत ठेवली. नाव आणि किंमत कळली की मत आधीच बनते, हे कापडाच्या व्यापारात त्यांनी पुष्कळदा पाहिले होते. रेझर तोच, साबण तोच, पाणी तेच, दाढीची वाढही शक्यतो तेवढीच. बदलायचे ते फक्त ब्लेड. प्रत्येक दाढीनंतर वहीत चार रकाने भरायचे: केस ओढला गेला का, गाल किती गुळगुळीत झाला, किती ठिकाणी कापले आणि तुरटी फिरवल्यावर किती झोंबले. तुरटीची साक्ष खोटी नसते. डोळ्यांना न दिसलेले ओरखडेही ती लगेच दाखवून देते.

एक नियम आणखी होता. ब्लेड ओढू लागले की त्याच दिवशी थांबायचे. बोथट ब्लेड नेटाने चालवून एक दाढी वाचवणे ही काटकसर नव्हे, कारण त्याची किंमत त्वचा मोजते.

निकाल पाहून तिघेही चकित झाले. आजोबांची त्वचा वयोमानाने पातळ व सैल झालेली. त्यांना सर्वांत तीक्ष्ण ब्लेड मानवले नाही. दाट, राठ दाढीच्या नातवाला मात्र तेच मानवले आणि आजोबांचे सौम्य ब्लेड त्याचे केस ओढू लागले. अमुक एक ब्लेड सर्वोत्तम, हे विधान त्या घरात कायमचे निकालात निघाले. आजोबांच्या चाळीस वर्षांच्या ब्लेडचा क्रमांक त्यांच्याच वहीत दुसरा आला. पहिल्या आलेल्या ब्लेडचे नाव तिजोरीतून निघाले तेव्हा ते त्यांच्याच दुकानात वर्षानुवर्षे विकले जात असल्याचे कळले.

मग किमतीचा हिशेब झाला. मुलाचे स्वस्त ब्लेड दोन रुपयांचे, पण दोनच दाढ्या चालले. म्हणजे एका दाढीला एक रुपया. त्याच्याच गालावर चार रुपयांचे दुसरे ब्लेड पाच दाढ्या नीट चालले. म्हणजे ८० पैसे. मागवलेले २४ रुपयांचे ब्लेड नातवाला सहा दाढ्या पुरले, म्हणजे चार रुपये. त्याचे १५० रुपयांचे कार्ट्रिज पंधरा दाढ्या चालले, म्हणजे दहा रुपये. वर्षाला २०० दाढ्या धरल्या तर हे खर्च अनुक्रमे २००, १६०, ८०० आणि २,००० रुपये होतात. पाकिटावरची किंमत आणि वापराची किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा व्यापाराचा पहिला धडा न्हाणीघरातही लागू पडतो.

परंतु त्या वहीतील सर्वांत महत्त्वाचा आकडा रुपयांचा नव्हता. दोन दाढ्या चालणारे ब्लेड वापरले तर एका माणसामागे वर्षाला १०० धारदार पाती घराबाहेर पडतात. पाच दाढ्या चालणारे वापरले तर ४०. एका माणसाच्या निवडीतला हा ६० पात्यांचा फरक आहे. हा आकडा वाचून आजोबांना मावशींचा अंगठा आठवला.

ब्लेडचे आयुष्य केवळ ब्लेडवर अवलंबून नसते. आपल्या भागात बोअरचे पाणी बहुधा जड असते. साबणाचा फेस होण्याऐवजी साका धरतो आणि पाते कोरड्या गालावर चालते. त्यासाठी साठवलेले पावसाचे वा गाळलेले गोडे पाणी तांब्याभर पुरते. कोमट पाण्याने दाढी दोन-तीन मिनिटे भिजू दिली की केस नरम होतो आणि पात्यावरचा ताण कमी होतो. दाढी झाल्यावर ब्लेड पाण्याखाली धरून झटकावे. धार टॉवेलने पुसू नये, त्यात लेपही जातो आणि बोटही. एकाचे ब्लेड दुसऱ्याने कधीही वापरू नये. रक्तातून पसरणारी कावीळ यातूनही लागू शकते. सलूनमध्ये वस्तऱ्यात आपल्यासमोर नवे अर्धे ब्लेड बसवले जाते की नाही, हेही पाहावे.

पौषधात शरीरसत्काराचा त्याग असतो आणि पर्युषणाच्या दिवसांत अनेक श्रावक दाढी करीत नाहीत. आठ-दहा दिवसांच्या वाढीवर एकदम ब्लेड चालवले तर केस ओढले जाऊन कातडी सोलवटते. अशा वेळी प्रथम कात्रीने केस बारीक करावेत, मग नवे ब्लेड घ्यावे आणि केसांच्या दिशेनेच हात चालवावा. उलटा हात त्या दिवशी टाळावा.

दाढीच्या बाकीच्या साहित्याकडेही जैन घराने डोळसपणे पाहिले पाहिजे. पाते निव्वळ पोलादाचे असते, पण ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या अथवा डुकराच्या केसांचा असू शकतो. नायलॉनचा ब्रश उत्तम फेस करतो आणि लवकर वाळतो. साबणाच्या घटकांत ‘सोडियम टॅलोएट’ असे लिहिलेले असेल तर त्यात प्राण्यांची चरबी आहे असे समजावे. हिरव्या ठिपक्याचा साबण वा क्रीम मिळत असेल तर तेच घ्यावे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे, ही समाधानाची बाब आहे.

आपले साधू-साध्वी केशलोच करतात. त्यांना रेझर लागत नाही, ब्लेड लागत नाही आणि टाकून द्यायचेही काही उरत नाही. गृहस्थाला ते शक्य नाही. परंतु साधूंच्या पाच समितींपैकी दोन समिती गृहस्थाने या बाबतीत उसन्या घ्याव्यात अशा आहेत. आदाननिक्षेप समिती म्हणजे वस्तू उचलताना व ठेवताना राखायची सावधगिरी आणि उत्सर्ग समिती म्हणजे टाकाऊ वस्तू टाकताना जीवाला इजा होऊ नये याची काळजी. श्रावकाच्या अनर्थदंडविरती व्रतात प्रमादचर्येचा निषेध आहे. कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात सारलेले ब्लेड हे प्रमादचर्येचे ठळक उदाहरण म्हणावे लागेल. त्यात हेतू वाईट नसतो, फक्त पुढच्या हाताचा विचार नसतो.

अमेरिकेतील जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटात एक फट ठेवलेली असे. जुने ब्लेड त्या फटीतून भिंतीच्या पोकळीत पडे आणि घरमालक निश्चिंत होई. आज ती घरे दुरुस्तीसाठी फोडली की विटांबरोबर गंजलेल्या ब्लेडचे ढीग निघतात. ‘फेकून दिले’ याचा अर्थ एवढाच, की ते दुसऱ्या कोणाच्या तरी हाती सोपवले.

उपाय अगदी साधा आहे. घट्ट झाकणाचा एक जुना पत्र्याचा डबा घ्यावा, झाकणाला बारीक फट पाडावी आणि वापरलेले प्रत्येक ब्लेड त्यातच टाकावे. शंभर ब्लेड एकावर एक ठेवली तर थर जेमतेम एक सेंटिमीटरचा होतो. लहानसा डबाही त्यामुळे अनेक वर्षे पुरतो. भरल्यावर फट व झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ठळक अक्षरांत ‘जुने ब्लेड’ असे लिहावे आणि तो आत काय आहे ते सांगून भंगारवाल्याच्या हाती द्यावा. ज्यांची दुकाने आहेत त्यांनी गल्ल्याजवळ असा एक डबा ठेवून गिऱ्हाइकांची जुनी ब्लेडही त्यात घ्यावीत. वस्तू विकून नफा घेणाऱ्याने तिच्या अखेरच्या नोंदीतही थोडा वाटा उचलावा.

मावशी आठवड्याने कामावर परतल्या. अंगठ्यावर पट्टी होती. आजोबांनी त्यांना प्रथम न्हाणीघरातील नवा डबा दाखवला आणि यापुढे या घराच्या कचऱ्यात ब्लेड येणार नाही, असे सांगितले. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी दोनच रकाने आखले होते: ‘ब्लेड आले’ आणि ‘डब्यात गेले’. दर महिनाअखेर दोन्ही रकान्यांची बेरीज जुळते की नाही, हे आता नातू पाहतो. एकदा एक ब्लेड कमी भरले, तेव्हा दुकान अर्धा तास उशिरा उघडले. ते ब्लेड बेसिनमागे सापडले.