हिमांतील द्राक्षवेल

द्राक्षासव हें आपल्या वैद्यकांतील जुनें औषध होय. मद्य म्हणून मात्र द्राक्षरसाला आपल्या घरांत सहसा थारा नसतो. प्रस्तुत प्रश्न मद्यपानाचा नसून वेलीचा आहे; आणि परसांत गुलाबाचें कलम बांधतांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्या वाचकांस तो परका वाटणार नाहीं.

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यांत ‘फिंगर लेक्स’ नांवाचीं लांबट सरोवरें हाताच्या बोटांप्रमाणें पसरलेलीं आहेत. त्यांच्या उतारांवर एकोणिसाव्या शतकापासून देशी द्राक्षें होत. वेल काटक, पण रसाला उग्र दर्प! रीस्लिंग, शार्डोने इत्यादि युरोपी जाती लावण्याचे अमेरिकेच्या पूर्व भागांतील प्रयत्न पिढ्यान् पिढ्या फसत आले होते. तेथील थंडी त्यांना सोसणार नाहीं, असा तज्ज्ञांचा निर्णय ठरून गेला होता.

१९५१ सालीं कॉन्स्टंटिन फ्रँक हे गृहस्थ कुटुंबासह अमेरिकेंत आले. वय पन्नाशीच्या पुढें. ओडेसा येथें द्राक्षविद्येंतील डॉक्टरची पदवी मिळविलेली. युक्रेनमधील बागांचा दीर्घ अनुभव. भाषा अनेक येत, परंतु इंग्रजी येत नव्हती. प्रथम त्यांनीं उपाहारगृहांत भांडीं घासलीं. पुढें जिनीव्हा गांवच्या कृषि-संशोधन केंद्रांत खुरपणीसारखीं कामें केलीं. याहून कडक थंडींत हींच द्राक्षें आपण पिकविलीं आहेत, हें त्यांचें म्हणणें कोणी मनावर घेईना. विद्वान् मनुष्य परमुलखांत गेला म्हणजे प्रथम त्याचे हात उपयोगांत येतात. त्याच्या विद्येचा उपयोग होण्यास त्याचें बोलणें समजणारा कोणी भेटावा लागतो.

तसे भेटले शार्ल फूर्निये. हे जन्मानें फ्रेंच, शँपेन प्रांतांत तयार झालेले आणि ‘गोल्ड सील’ कंपनीचे प्रमुख. दोघांचें संभाषण फ्रेंच भाषेंतून झालें, आणि फूर्निये ह्यांनीं फ्रँकना आपल्या बागेंत काम दिलें.

फ्रँक ह्यांच्या मतें दोष एकट्या थंडीचा नव्हता. अमेरिकेच्या मातींत फायलोक्सेरा नांवाची सूक्ष्म कीड मुळांतील रस शोषते. देशी मुळें ती सोसतात, युरोपी मुळें कुजून जातात. शिवाय हिंवाळ्यापूर्वीं काडी पक्व झाली नाहीं, तर वेल हिमानें मरते. म्हणून थंड प्रदेशांतील, काडी लवकर पक्व करणारा खुंट शोधून त्यावर युरोपी कलम बांधलें पाहिजे. असा खुंट त्यांना कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांतील एका ख्रिस्ती मठांत सांपडला. मग हजारों कलमें बांधून त्यांनीं खुंट व जाती पारखल्या.

१९५७ च्या फेब्रुवारींत पारा फॅरनहाइट मानानें शून्याखालीं २५ अंशांवर उतरला. कित्येक देशी वेलींचीही हानि झाली. परंतु फ्रँक ह्यांच्या कणखर खुंटांवरील रीस्लिंग व शार्डोने वेलींचे दहांत एक डोळाही पुरता करपला नाहीं! निर्णय बदलणें आतां भाग होतें. १९६२ सालीं क्यूका सरोवराच्या कांठीं, हॅमंड्सपोर्ट येथें, त्यांनीं स्वतःची ‘व्हिनिफेरा वाइन सेलर्स’ ही संस्था स्थापिली. सरोवराचें खोल पाणी शरदांत ऊब धरून ठेवतें आणि वसंतांत गारवा राखून डोळे अवेळीं फुटूं देत नाहीं. तोही साहाय्यभूत झाला.

खुंटाचें महत्त्व आपणांसही नवें नाहीं. आज नाशिक-सांगलीकडील बागाइतदार ‘डॉगरिज’ ह्या अमेरिकन खुंटावर थॉमसनसारख्या जातींचीं कलमें बांधतात. तेथें शत्रु हिम नसून पाण्याची टंचाई व खारट जमीन हे आहेत.

डॉ. फ्रँक १९८५ सालीं निवर्तले. त्यांच्यामागें पुत्र विली, मग नातू फ्रेडरिक आणि पुढें पणती मेगन असा त्या बागेचा वारसा चालत आला. ज्या रीस्लिंगला तेथें जगतां येणार नाहीं असें सांगितलें जात होतें, तिच्याच नांवानें आज तो प्रदेश जगांत ओळखला जातो.