‘येथे क्लिक करा’ म्हणजे नेमके कुठे?

चोर्ल्याचा घाट उतरून साखळी, डिचोली करत कासारपालच्या श्रीकालिकादेवीचे दर्शन घ्यायचे आणि मग लाटंबार्सेला मावशीकडे जेवायला जायचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. यंदा जेवणे झाली आणि मावसभावाने उत्साहाने मोबाईल पुढे केला. “ताई, आईच्या सोलांचं संकेतस्थळ केलंय. बघ तरी!”

पान छान होते. आगळ, सोलं, फणसाचे पापड, सगळ्यांचे फोटो. त्याची बायको धारवाडची, म्हणून मजकूर कन्नडमध्येही होता. पण मावशीचा चेहरा उतरलेला. सोलांचे डबे माळ्यावर तसेच पडून होते, कारण गुगलवर शोधून हे पान कोणाला सापडतच नव्हते.

कारण सांगितले ते काकांनी! मावशीच्या यजमानांची दृष्टी गेली, तेव्हापासून ते मोबाईल कानाने ‘वाचतात’. पानावर एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर ते बोट सरकवू लागले, तसा मोबाईल बोलू लागला, “येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा.” कन्नड पानावर तेच, “इल्लि क्लिक माडि.” काका हसून म्हणाले, “अरे, येथे म्हणजे कुठे? एस्टीच्या प्रत्येक पाटीवर नुसतं ‘तिकडे’ लिहिलं, तर माणसानं चढायचं कशात?”

वाचकहो, काकांना जी अडचण, तीच गुगललाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 साली गुगलची रचना मांडणारा निबंध लिहिला. दुव्याचे शब्द ज्या पानाकडे बोट दाखवतात, त्या पानाची ओळख म्हणूनही ते धरायचे, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. गावात नवे बिऱ्हाड आले, तर शेजारी काय म्हणतात यावरून आपण त्याची ओळख करून घेतो ना, तसेच हे.

शेजारी खोटे बोलले तर? तेही घडले. 2003 साली काही खोडकर मंडळींनी ‘दारुण अपयशी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे दुवे अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांच्या परिचयपानाला जोडले. त्या पानावर ते शब्द नव्हतेच, तरी शोधल्यावर तेच पान वर येऊ लागले! जानेवारी 2007 मध्ये गुगलने यावर उपाय केला. पुढे एप्रिल 2012 मधल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने, वर चढण्यासाठी ठरावीक शब्दांचे कृत्रिम दुवे पेरणाऱ्यांनाही चाप बसला. म्हणजे खोटे चालत नाही आणि अतीही चालत नाही.

आपल्या सीमाभागात आणखी एक गोम आहे. एका गावाची नावे किती! डिचोलीचे इंग्रजी स्पेलिंग वाचाल तर ‘बिचोलिम’, पेडण्याचे ‘पेर्नेम’. लाटंबार्सेच्या शेवटीही पोर्तुगीज वळणाचा ‘एम’ लागतो. आपल्या बेळगावचे सरकारी नाव 2014 पासून बेळगावी. सोलांचेही तसेच. कोणी कोकम म्हणते, कोणी आमसूल, कन्नड घरात मुरुगल. शोधणारा आपल्या तोंडातल्या शब्दानेच शोधणार.

त्या दुपारी आम्ही चौघांनी बसून दुवे बदलले. ‘दरासाठी येथे क्लिक करा’ काढून ‘कोकम सोलांचे दर’ एवढेच शब्द दुव्यात ठेवले. ‘नकाशा येथे’ ऐवजी ‘डिचोलीहून लाटंबार्सेला येण्याचा रस्ता’. कन्नड पानावरचे शब्द सूनबाईने तिच्या माहेरच्या बोलीतून निवडले. तिथे ‘मुरुगल’ आले. इंग्रजी पानावर गावाचे सरकारी स्पेलिंग घातले. मावसभावाला प्रत्येक ओळीत ‘गोव्याची उत्तम सोलं’ हवे होते. मावशीनेच दटावले, “आमटीत एक सोल पुरतं रे, मूठभर टाकलीस तर तोंडात कोण घालील?”

यामुळे उद्याच गिऱ्हाइकांची रांग लागेल, असे मी सांगणार नाही. गुगल अनेक गोष्टी तोलते, दुव्याचे शब्द ही त्यातली एक. चांगला माल, खरी माहिती आणि इतरांनी आपणहून दिलेला दुवा यांना पर्याय नाही. पण हा बदल फुकट होतो, आणि घरबसल्या होतो.

तुमच्या घरगुती धंद्याचे, मंडळाचे किंवा देवस्थानाचे पान असेल, तर एक करा. फक्त दुव्यांचे शब्द मोठ्याने वाचा. आजूबाजूचा मजकूर न वाचता कुठे जायचे ते कळले, तर जमले.

निघताना काकांनी पुन्हा बोट सरकवले. “कोकम सोलांचे दर,” मोबाईल बोलला. काका मावशीला म्हणाले, “अगो, दर थोडा चढाच लावलायस की!” घरातल्या धंद्याचे पान त्यांनी पहिल्यांदाच स्वतः, कोणाला न विचारता वाचले होते.