‘पैसे मिळाले ना त्यांना?’

अपघाताविषयीचे आपले बोलणे बहुधा एका ठरलेल्या वळणाने जाते. प्रथम हळहळ, मग दोष कोणाचा याची चर्चा, त्यानंतर सरकारने किती रक्कम जाहीर केली याची चौकशी. काही वर्षांनी त्याच कुटुंबांचे नाव पुन्हा वर्तमानपत्रात दिसले की आगगाडीच्या डब्यात किंवा कचेरीतल्या चहाच्या वेळी कोणीतरी सहज विचारतो, ‘‘पैसे मिळाले ना त्यांना? मग आता आणखी काय?’’ विचारणारा मनुष्य दुष्ट नसतो. त्याची समजूत एवढीच असते की जखम म्हणजे एक देणे आहे. ते चुकते झाले की खाते मिटले.

ही समजूत तपासून पाहायची तर तमिळनाडूतील कुंभकोणमकडे वळावे. मराठी वाचकास हे गाव अगदीच परके नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातले हे कावेरीकाठचे क्षेत्र. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव 1828 साली येथेच एका मराठी घराण्यात जन्मले. देवळे, विड्याची पाने, पितळी भांडी आणि डिग्री कॉफी यांसाठी नावाजलेल्या या गावाचे नाव 16 जुलै 2004 रोजी, एका शुक्रवारी, निराळ्याच कारणाने देशभर झाले. काशिरामन रस्त्यावरील एका खाजगी शाळेत दुपारचे जेवण शिजत असता चुलीतून आग लागली आणि ती नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या छपरास भिडली. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा भरत होत्या. वरच्या मजल्यावर तशाच छपराखाली प्राथमिक वर्गांची मुले दाटीने बसली होती आणि खाली उतरण्याची वाट अरुंद होती. जळते छप्पर मुलांवर कोसळले. 94 मुले दगावली. जी वाचली त्यांतली काही भाजलेल्या अंगाने वाचली, आणि आजचा विषय त्यांचाच आहे. कारण मृतांची संख्या आपल्या स्मरणात राहते, जखमींची मात्र फारशी राहत नाही.

भाजलेले मूल रुग्णालयातून घरी आले म्हणजे बरे झाले, असे शेजारीपाजारी मानतात. वास्तविक खऱ्या कष्टांना तेथूनच आरंभ होतो. खोल भाजलेल्या जागी मूळची कातडी परत येत नाही. शरीराच्या दुसऱ्या भागावरील पातळ थर काढून तेथे बसवावा लागतो. यालाच त्वचारोपण म्हणतात. म्हणजे एक जखम भरण्यासाठी दुसरी करावी लागते. नवा व्रण आखडू लागतो. कोपरापाशी असेल तर हात सरळ होत नाही, मानेवर असेल तर हनुवटी छातीकडे ओढली जाते. हे टाळण्यासाठी सांध्यास खपच्या बांधाव्या लागतात, दररोज दुखेपर्यंत व्यायाम करावा लागतो, आणि अंगावर दाब देणारे घट्ट कपडे दिवसाचे सुमारे 23 तास, असे कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षे घालावे लागतात. मूल वाढते तसे हे कपडेही नव्या मापाने शिवून घ्यावे लागतात. रोपण केलेल्या त्वचेस घाम नीटसा येत नाही. कावेरीच्या खोऱ्यातील उन्हाळ्यात त्या घट्ट कपड्यांत वावरणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने तो उन्हाळा सोसला आहे त्यास सांगावी लागणार नाही. त्यात रात्रीची खाज. ती इतकी असते की घरच्यांना मुलाचे हात धरून बसावे लागते.

आणखी एक गोष्ट मुलांच्या बाबतीत विशेष आहे. मूल उंच होते, हाडे वाढतात, पण व्रण त्या प्रमाणात ताणला जात नाही. म्हणून सातव्या वर्षी मोकळा केलेला सांधा अकराव्या वर्षी पुन्हा आखडतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. वाढ पुरी होईपर्यंत हे असेच चालू राहू शकते. प्रत्येक खेपेस शाळा बुडते आणि आई किंवा बाप यांपैकी एकाची मजुरी बुडते. कुंभकोणमच्या खटल्याचा निकाल सत्र न्यायालयात लागला तो 30 जुलै 2014 रोजी, दहा वर्षांनी. त्या दिवशी आठ वर्षांचे असलेले मूल निकालाच्या वेळी अठराचे झाले होते. आज ते तिशीच्या उंबरठ्यावर आहे. ‘आता आणखी काय’ या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे.

भाषांतराच्या टेबलावर बसणाऱ्यास शब्दांची खोड असते, ती येथे क्षम्य मानावी. अशा प्रसंगी शासन जी रक्कम तातडीने देते तिला मराठी कचेरीभाषेत ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. न्यायालयाने ठरविलेली ती ‘नुकसानभरपाई’. एक देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा सांगते, दुसरी घेणाऱ्याचा हक्क. बोलताना आपण दोहोंना सरसकट ‘मदत’ म्हणतो, आणि मदत म्हटली की घेणाऱ्याने मान खाली घालून गप्प राहावे अशी अपेक्षा आपोआप उत्पन्न होते. तमिळ वृत्तपत्रांत अशा साहाय्यास ‘निवारणम्’ म्हणतात. शब्द आपल्याच ओळखीचा, फक्त आपल्याकडे त्याचा अर्थ दुःख नाहीसे करणे असा आहे. नाव ठेवणाराने फारच आशा धरली, असे वाटून जाते. त्याच राज्यात फुकट वस्तूंच्या योजनांस पूर्वी ‘इलवसम्’ म्हणत. 2011 नंतर सरकारी नावांत ‘विलैयिल्ला’, म्हणजे ‘ज्याला किंमत नाही असे’, हा शब्द आला. टीकाकार यावर हसले. पण फुकट घेणारा हा कमी प्रतीचा, हा भाव शब्दातून काढून टाकण्याची गरज कोणास तरी वाटली, ही गोष्ट मला हसण्यासारखी वाटत नाही.

ज्या जेवणाच्या चुलीतून ही आग लागली त्याचीही कथा अशीच आहे. शाळेत जेवण देण्याची व्यवस्था मद्रास राज्यात कामराज यांनी 1950 च्या दशकात केली; 1 जुलै 1982 पासून एम. जी. रामचंद्रन यांनी ती फार मोठ्या प्रमाणावर वाढविली. तेव्हा लोकप्रियतेसाठी तिजोरी उधळली जाते अशी टीका झाली. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वच राज्यांना प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्यास सांगितले, आणि आपल्याकडे घरोघर ‘शाळेतली खिचडी’ हा शब्द रुळला. कुंभकोणमच्या आगीचा दोष जेवणाचा नव्हता. झावळ्यांच्या छपराशेजारी लाकडाची चूल पेटविण्याचा होता. आगीनंतर तमिळनाडूतील शाळांवरून अशी छपरे उतरविण्यात आली. 2006 च्या सुधारणेत केंद्राने स्वयंपाकाच्या खोलीसाठी प्रत्येक शाळेस 60,000 रुपयांपर्यंत तरतूद केली. 13 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, याच दुर्घटनेमुळे दाखल झालेल्या अर्जावर, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. शंभर मुलांच्या ताटात अन्न घालायचे तर त्यांच्या डोक्यावरचे छप्परही त्याच खर्चात धरले पाहिजे, हे ध्यानी यायला एवढी किंमत पडली.

या गोष्टीत आपण अगदीच अडाणी होतो असे मात्र नाही. त्याच तंजावर मुलखात दुसऱ्या सरफोजी राजांनी छत्रे चालविली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांतलेच. तेथे वाटसरूंना जेवण मिळे, आजारी पडलेल्यास वैद्य व औषध मिळे, मुलांच्या शिक्षणाची सोय असे. आजारी माणूस चालू लागेपर्यंत त्याचे करणे हा त्या व्यवस्थेचाच भाग होता.

आजच्या कायद्यातील एक उणीव येथे सांगणे अवश्य आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार मोजले असून त्यांत आम्लहल्ल्याने जखमी झालेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तो योग्यच आहे. स्टोव्हने, कंदिलाने किंवा शाळेच्या छपराने भाजलेल्यांचा तसा स्वतंत्र उल्लेख नाही. हातपाय आखडले असतील तर त्यांना हालचालींच्या अपंगत्वाखाली प्रमाणपत्र मागता येते. चेहरा व मान विद्रूप झाली पण हातपाय चालतात, अशा मुलीने कोणत्या दाराने आत जावे? नोकरीच्या मुलाखतीत तिला पुढच्या खुर्चीवर बसविले जात नाही, विवाहाच्या बोलण्यात तिचे नाव निघत नाही, आणि कागदोपत्री ती धडधाकट असते.

आपल्या घरात कोणी भाजले तर भाजलेला भाग वीस मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरावा आणि स्वच्छ कापडाने सैलसर झाकून रुग्णालय गाठावे. बर्फ, तूप, शाई, दंतमंजन यांतले काहीही लावू नये. किती भाजले हे फोनवर सांगताना रुग्णाचा बोटांसह तळवा शरीराच्या सुमारे एक टक्का धरावा. डॉक्टरांना एवढ्याने पुष्कळ कळते.

ज्यांचे अंग फार भाजले आहे त्यांच्याजवळ रोपणासाठी स्वतःची कातडीच पुरेशी उरत नाही. अशा वेळी मृत्यूनंतर दान केलेली त्वचा काही आठवडे जखम झाकते. शरीर पुढे ती टाकून देते, पण तेवढ्या अवधीत जंतुसंसर्ग व द्रव झरणे आटोक्यात राहून जीव वाचतो. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी निघाली, त्यानंतर ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्येही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पेढीस कळवावे लागते. मांड्या, पाय व पाठ यांवरील अगदी पातळ थर तेवढा घेतात, चेहऱ्यास हात लावत नाहीत, आणि अंत्यविधी नेहमीप्रमाणे करता येतो. नेत्रदान केले असले तरी हे दानही करता येते. संमती मात्र त्या वेळी घरच्यांनीच द्यावयाची असते, म्हणून हा विषय जेवणाच्या वेळी घरात एकदा बोलून ठेवावा.