जनावराच्या दावणीत पडते काय?

अमेरिकेत टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्का या राज्यांत मांसासाठी पोसावयाच्या गुरांचे प्रचंड वाडे आहेत. एकेका वाड्यात हजारो गुरे. कुरणात वाढलेली ही जनावरे शेवटचे चार-सहा महिने येथे आणून त्यांना मुख्यतः मका चारतात. रोज साधारण दीड किलो वजन वाढावे, हा हिशेब. आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, तिकडची गुरे काय खातात याच्याशी आम्हाला काय करायचे? माझे म्हणणे असे, की जनावराच्या दावणीत पडते ते आज ना उद्या माणसाच्या ताटात येते.

गाय-बैल मुळात गवत खाणारे प्राणी. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्म जंतू चाऱ्यापासून ऊर्जा व प्रथिने तयार करतात. युरियातील नत्रापासूनही हे जंतू प्रथिने बनवतात. म्हणून वाड्यातल्या खुराकात शेकडा १२ ते १४ प्रथिने भरण्यासाठी सोयाबीन पेंड, सरकी पेंड किंवा मोजून युरिया देतात. यात गैर काही नाही. प्रश्न प्रमाणाचा. धान्य फार झाले, तर पोटात आम्ल वाढते, कप्प्याच्या आतील अस्तरास जखमा होतात व तेथून जंतू यकृतात जाऊन गळवे होतात. त्यावर उपाय म्हणून खुराकातच टायलोसिन हे प्रतिजैविक घालण्याची पद्धत पडली. ते एरिथ्रोमायसिनच्याच कुळातले, म्हणजे मी माझ्या रुग्णांना देतो त्याचे भावंड! औषधाला दाद न देणारे जंतू अशाने वाढतात. २०१७ पासून अमेरिकेत त्यास पशुवैद्याची चिठ्ठी लागते, हे बरेच झाले.

प्रथिनांच्या बाबतीत ब्रिटनने याहून मोठा धडा घेतला. तेथे दुभत्या गुरांच्या खुराकात स्वस्त प्रथिने म्हणून मेलेल्या गुरामेंढरांच्या मांस-हाडांची भुकटी घालत. शाकाहारी प्राण्याला मांस! १९८६ मध्ये गुरांच्या मेंदूचा एक भीषण रोग ओळखला गेला. १९८८ मध्ये भुकटीवर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गुरांना हा रोग झाला. माणसांना त्याचा धोका असल्याचे सरकारने १९९६ मध्ये मान्य केले. तेथे १७८ माणसे, त्यांतली बरीचशी तरुण, मेंदूच्या अशाच रोगाने दगावली. शिजवल्याने हे विष मरत नाही आणि आम्हा डॉक्टरांजवळ त्यावर औषध नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड, सरकी किंवा काळवंडलेला मका माणसाला नको म्हणून म्हशीपुढे टाकला जातो. त्या बुरशीतील अफलाटॉक्सिन हे विष यकृतास घातक व कर्करोगकारक. जनावराच्या शरीरात त्याचे रूप बदलते आणि ते दुधात उतरते. दूध उकळले तरी ते जात नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून घेतलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. मला काळजी वाटते ती लहान मुलांची, कारण त्यांचा मोठा आहार दूधच.

दुधात पाणी किती, हे आपण रोज विचारतो. म्हशीने खाल्ले काय, हे कोणीच विचारत नाही. डेअरीने फॅटबरोबर या विषाचीही तपासणी करावी, आणि खुराकाच्या पोत्यावर आतील घटक मराठीत छापण्याची सक्ती व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पशुपालकांनी पेंड कोरड्या जागी, फळीवर ठेवावी. कुबट वास आला, तर पोते गोठ्यात नेऊच नये. ते फेकून दिल्याने होणारे नुकसान मलाही कळते. पण दवाखान्याच्या बिलाच्या मानाने ते थोडेच आहे.