सिस्टिम घेत नाही!

धावण्याशी माझा संबंध सकाळी महाडच्या स्टँडवर पोलादपूरची एस.टी. पकडण्यापुरता. या शर्यतीत एस.टी. पहिली आणि मी दुसरा, हा निकाल गेली पंधरा वर्षे बदललेला नाही. तरीही शर्यतींवर बोलण्याचा मला अधिकार आहे. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि लोकांचे अर्ज परत करण्यात माझी निम्मी हयात गेली आहे.

त्याचे असे झाले. आमच्या शाखेतल्या शिपायाचा पुतण्या वर कुडपणला राहतो. डोंगरवाटेने असा पळतो की गुरे आपणहून बाजूला होतात. एका मोठ्या शर्यतीत नाव घालायचे म्हणून तो माझ्याकडे आला. नोंदणी फक्त ऑनलाइन. मी मोबाइलवर अर्ज उघडला.

"ई-मेल?"

"नाय."

"टी-शर्टचं माप?"

"द्याल ते."

"आजवरची सर्वोत्तम वेळ?"

"सकाळची, काका. ऊन नसतं."

मग ओटीपी आला. म्हणजे गेला, घरच्या फोनवर. घरचा फोन कुडपणला, आणि घरात रेंज नाही. थोरला भाऊ फोन घेऊन टेकाडावर चढेपर्यंत ओटीपीचे दहा मिनिटांचे आयुष्य संपले होते. दुसऱ्या दिवशी नोंदणीच संपली. संयोजकांना फोन लावला, तर पलीकडून गोड आवाज आला, "सॉरी सर, सिस्टिम घेत नाही."

अहो, हे वाक्य माझे! काउंटरवर बसून किती म्हाताऱ्यांना मी ते ऐकवले असेल! ते कसे लागते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

आता, मी काही यंत्राचा शत्रू नव्हे. १९८० साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ नावाची बाई बायकांत पहिली आली. ती पूर्ण अंतर धावलीच नव्हती, हे ठरून तिचे पद काढून घ्यायला आठ दिवस लागले. १९९६ साली त्याच शर्यतीत धावणाऱ्यांच्या बुटांना चिप बांधल्या. आता बहुतेक ठिकाणी ती छातीवरच्या नंबराच्या मागेच चिकटवलेली असते. तिला बॅटरीसुद्धा लागत नाही. रस्त्यावर अंथरलेली पट्टी ओलांडली की चिप आपला क्रमांक सांगते आणि संगणक वेळ टिपतो. गर्दीत मागे अडकलेल्याची वेळही तो आरंभरेषा ओलांडील तेव्हापासून धरता येते. वाटेत पट्ट्या असल्या तर मधेच रिक्षात बसलेला सापडतो. आणि कुणाचा मामा नगरसेवक आहे, हे पट्टी विचारत नाही. इतका न्याय स्टॉपवॉच धरलेल्या माणसाकडून नेहमी होतोच असे नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : घड्याळ यंत्राचे असू द्या, दार मात्र माणसाचे हवे. वेळ मोजायला संगणकाला नाव, वय आणि नंबर पुरतो. वहीत लिहिलेले नाव संध्याकाळी संगणकात चढवता येते. आम्ही बँकेत दुसरे काय करतो?

आमच्या महाड तालुक्यातल्या रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, म्हणून हिरकणी कडा उतरून तान्ह्याकडे गेली, अशी कथा आहे. महाराजांनी "वेळ संपल्यावर नोंद होत नाही" म्हटले नाही. तिथे तिच्या नावाचा बुरूज बांधला.

तेव्हा संयोजकहो, पोलादपूरच्या स्टँडवर एक टेबल टाका, एक वही ठेवा. कारकून मिळत नसेल तर मी येतो. रविवारी बँक बंद असते. पेनही माझेच आणीन. दोरी बांधलेले.