लाखाच्या आतली चारचाकी

रात्री साडेअकराला मित्राचा मेसेज आला. मेसेज कसला, एक फोटो. पांढरी अल्टो, नुकतीच धुतलेली, टायरना काळं पॉलिश, डॅशबोर्डवर छोटा गणपती. खाली एवढंच लिहिलेलं : ‘२०११ चं मॉडेल, सिंगल ओनर, ८५ मागतोय. घेऊ का?’

८५ म्हणजे ८५ हजार. मित्र पुण्यात नोकरीला, हातात पगार येतो सव्वीस हजार. गाव साताऱ्याच्या पुढे. वडिलांचे गुडघे गेलेत, आईला बाईकवर मागे बसायची भीती वाटते. दवाखाना, लग्नकार्य, बाजार, काहीही असलं की भाड्याची गाडी सांगायची आणि दीड-दोन हजार मोजायचे. त्यामुळे ही हौस नव्हती. आणि म्हणूनच ‘घेऊ का’ला नुसता अंगठा दाखवून झोपणं मला काही जमेना.

तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये असे फोटो असणार. कुणाची ८००, कुणाची सँट्रो, कुणाची वॅगन आर. आणि घरात दोन पक्ष. एक म्हणतो, ‘जुनी गाडी म्हणजे हत्ती पोसणं, घ्यायची तर नवीनच घे.’ दुसरा म्हणतो, ‘चार चाकं आहेत ना, मग झालं.’ माझं मत विचाराल तर, सव्वीस हजार पगारवाल्याने जुनी गाडीच घ्यावी. हिशेब करून बघा. पाच लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षं मुदत. हप्ता आठ हजारांच्या वर जातो आणि फेडून होईपर्यंत पाचाचे जवळपास सात लाख होतात. म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा सात वर्षं त्या गाडीच्या नावाने. त्यात नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर हप्ता काही थांबत नाही. नव्या गाडीचा वास मात्र सहा महिन्यांत जातो.

पण म्हणून दुसरा पक्ष बरोबर ठरत नाही. जुनी गाडी स्वस्त मिळते. ती स्वस्त पडेलच असं नाही. खिशात एक लाख असतील तर गाडी सत्तर हजारांची बघायची, नव्वदची नाही. उरलेले तीस गाडी दारात आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत लागतात. लागतातच. ‘आत्ता घेतो, काम नंतर करू’ म्हणणाऱ्यांच्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात.

आता कागद. घरातले मोठे सातबारा बघितल्याशिवाय गुंठाभर जमीन घेत नाहीत, पण गाडी घेताना आरसीचा फोटोसुद्धा मागत नाहीत. मित्राला म्हटलं, आधी गाडीचा नंबर पाठव. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की बरंच कळतं. ‘सिंगल ओनर’ म्हणवणाऱ्या त्या अल्टोचा मालक निघाला तिसरा. खोटं बोलला म्हणून लगेच वाईट माणूस असं नाही, पण त्याची बाकीची वाक्यंही त्याच तराजूत टाकायची.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, ज्याला आपण ‘पासिंग’ म्हणतो. त्या अल्टोचे फक्त पाच महिने उरले होते. मालक का विकतोय, ते इथे कळलं. केंद्राने कारच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून थेट ५ हजारांवर नेलं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते १० हजार केलं. उशीर झाला तर दरमहा ५०० दंड. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. शिवाय गाडी तपासणीत पास व्हायला हवी, म्हणजे लाईट, ब्रेक, धूर, पत्रा सगळं धड हवं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का, तेही बघायचं. यातलं जे झालेलं नाही, त्याचा खर्च किमतीतून वजा करून मागायचा. लाजायचं नाही.

आरसीवर बँकेचा बोजा दिसला तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय टोकनचे पाचशेही द्यायचे नाहीत. ई-चलान राज्याच्या साईटवर तपासायचं. नो पार्किंग आणि स्पीडचे दंड साठत साठत कधीकधी गाडीच्या इंजिनाइतके होतात.

आणि टीटी. ‘टीटी फॉर्मवर सह्या करून देतो, नाव तुम्ही सवडीने करा’ हे वाक्य प्रत्येक जुन्या बाजारात ऐकू येतं. फॉर्म २९ आणि ३० कोरे, खाली फक्त सही. त्यावर गाडी दोन-तीन हात फिरते आणि कागदोपत्री मालक तोच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव त्याची, मग गाडी त्याने कधीच विकलेली असो. म्हणजे उद्या तुम्ही ती गाडी पुढे विकाल आणि तुमच्या नावावरच ठेवाल, तेव्हा हे तुमच्या गळ्यात. कायदा खरेदीदाराला ३० दिवस देतो. मी म्हणेन, आरटीओचा अर्ज भरल्याची पावती आणि शेवटचे दहा हजार यांची अदलाबदल एकाच टेबलावर करा. विम्याचंही तसंच. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे ‘विमा चालू आहे’वर विसंबून राहू नका, चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्या. हजार सीसीच्या आतल्या कारचा थर्ड पार्टी प्रीमियम २,०९४ रुपये अधिक जीएसटी आहे. एवढ्या पैशांसाठी आयुष्यभराचं कर्ज ओढवून घेणारे लोक मी पाहिलेत.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल एकच सांगतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाने बंधनं आणली, त्यामुळे तिथल्या गाड्या इकडे स्वस्तात दिसतात. तिथली ना-हरकत, इथला रोड टॅक्स आणि आरटीओचे हेलपाटे धरले की तो स्वस्तपणा संपतो.

कागद जुळले की मग गाडी. बघायला सकाळी जा, आणि न सांगता लवकर जा. बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंडीत स्टार्ट घेताना काहीतरी नखरे करते. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय, बोअर-पिस्टनचं काम निघणार. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला, किंवा ऑइलचं झाकण उघडल्यावर आत सायीसारखं काही दिसलं, तर नमस्कार करून निघा. मीटरवरच्या किलोमीटरवर फार विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघा. ५० हजार चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत होत नाही.

पत्र्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. माझी पहिली गाडी होती ८००. इंजिन एकदम झकास, रंग चकचकीत, किंमत पस्तीस हजार. मी खूश. जूनच्या पहिल्या पावसात पायाखाली पाणी आलं. मॅट उचललं तर फ्लोअरचा पत्रा चाळणीसारखा, वरून पुट्टी आणि काळं डांबर. गाडी सगळी उमेद समुद्रकाठी उभी राहिलेली होती आणि विकणाऱ्याला ते पुरतं माहीत होतं. डेंटरने खालून नवा पत्रा मारायचे जे पैसे घेतले, त्यात आणखी बरी गाडी आली असती. इंजिनाचं काम कधीही करता येतं, सुटे भाग मिळतात. सडलेल्या पत्र्याला इलाज नाही. म्हणून मॅट उचला, डिकीतलं स्टेपनी काढून खाली बघा, दरवाजांच्या खालच्या कडांवरून बोट फिरवा. फ्रिजवरचं एखादं मॅग्नेट खिशात टाकून न्या. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाकडे गाळाची रेघ दिसली तर ती गाडी पुरात बुडालेली आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना २०१९ चा ऑगस्ट आठवत असेल. तेव्हा पाण्यात गेलेल्या सगळ्याच गाड्या काही भंगारात गेल्या असतील, असं समजू नका.

आणि सोबत मेकॅनिक न्या. त्याचा अर्धा दिवस जातो, त्याला पाचशे-सातशे द्या. फुकटात नेलेला मेकॅनिक फुकटातलंच बघतो.

कोणती गाडी घ्यावी? जिचा क्लच प्लेट तालुक्याच्या गावात मिळतो ती. ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी तिचे भाग आजही सापडतात. याउलट, लाख-दीड लाखात मिळणारी एखादी आलिशान परदेशी सेडान फोटोत छान दिसते, पण तिचा एक सेन्सर तुमचा महिन्याचा पगार मागतो.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात ऑइल, फिल्टर, कूलंट बदला. जुन्या अल्टोला टायमिंग बेल्ट असतो, तो कधी बदलला हे मालकाला सांगता येत नसेल तर बदललेलाच नाही असं धरायचं. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतायची सवय सोडा. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि आपल्या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडं कमी मिळेल. पेट्रोलचे रबरी पाईप आणि गॅस्केट मात्र प्रत्येक सर्व्हिसला तपासून घ्या, पाईप स्वस्त असतो आणि बॉनेटखाली पेट्रोल गळणं परवडत नाही. गॅसकिट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी हवी.

आता जे बोलायला कुणालाच आवडत नाही ते. या गाड्यांत एअरबॅग नसतात, एबीएस नसतं. दोन्ही आपल्याकडे सक्तीचं झालं ते २०१९ मध्ये. आपण लाखभर रुपयांत जे वाचवतो, त्यातला काही भाग या सुरक्षेचा असतो, हे मान्य करूनच गाडी घ्यायची. नव्या गाडीला टक्कर झाल्यावर जे जमतं ते या गाडीला जमणार नाही, म्हणून टक्करच होऊ नये यावर पैसे खर्च करायचे. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो. २३१७ म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही खोल दिसली तरी इतका जुना टायर काढून टाका. म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर, अलॉय व्हील हे सगळं ब्रेक, टायर आणि वायपरच्या नंतर. मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा. चौघांच्या गाडीत सातजण कोंबून देवदर्शनाला जायचं नाही, मामी रुसली तरी चालेल. आणि एक्स्प्रेस वेवर शंभरने चाललेल्यांशी बरोबरी करू नका.

मित्राने ती अल्टो अखेर ६६ हजारांना घेतली. तिसरा मालक आणि उरलेलं पासिंग, हे दोन मुद्दे शांतपणे समोर ठेवल्यावर ८५ चा आकडा आपोआप खाली आला. चार टायर, बॅटरी, बेल्ट, विमा, नाव बदलणं, नंबरप्लेट आणि पासिंगसाठी बाजूला ठेवलेले पैसे धरून बेरीज पंचाण्णव हजारांपर्यंत गेली. मागच्या रविवारी आई-वडिलांना आणायला गावी निघाला होता. दुपारी खंबाटकीचा घाट चढून वर थांबल्यावर त्याचा फोटो आला. या वेळी गणपती नव्हता, टायर नव्हते. फक्त टेम्परेचरचा काटा, बरोबर मध्यावर. खाली लिहिलेलं : ‘एसी बंद ठेवलाय, पण चढली.’