चाचणी मुलाची, भीती मोठ्यांची

पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणारं, वजन न वाढणारं मूल दवाखान्यात येतं. रक्त, लघवी, एक्स-रे, टीबी... सगळं तपासून होतं. एचआयव्हीचं नाव मात्र कुणी लवकर काढत नाही. डॉक्टरही नाही आणि घरचेही नाहीत.

का? कारण लहान मुलाची ही चाचणी बहुतेक वेळा आईचीही चाचणी असते. मुलाला हा संसर्ग बहुतांशी आईकडून होतो, आणि मग सगळ्यांची बोटं तिच्याकडेच वळतात. तिला तो कुणाकडून झाला, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

रुग्णाने मागण्याची वाट न पाहता डॉक्टरांनीच चाचणी सुचवावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. मला ते पटतं. मूल स्वतःहून मागणार तरी कसं? आणि थांबायला वेळ कुठे असतो? संसर्ग झालेल्या बाळांना औषध मिळालं नाही तर जवळजवळ निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. वेळेवर मिळालं तर हीच मुलं शाळा-कॉलेज करून मोठी होतात.

पण सुचवणं म्हणजे फॉर्म पुढे सरकवून सही घेणं नव्हे. "असा त्रास असलेल्या प्रत्येक मुलाची आम्ही ही चाचणी सुचवतो" एवढं एक वाक्य आईच्या मनावरचं केवढं ओझं उतरवेल! निकाल काहीही आला तरी पुढे काय करायचं, हेही तिला आधीच कळायला हवं.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचं दुखणं वेगळं. अठराच्या आत पालकांची संमती लागते, म्हणून ज्याला स्वतःबद्दलच शंका आहे तो दवाखान्याची पायरीच चढत नाही. गंमत बघा, आपल्या २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार, बाधित कुटुंबाचा कारभार सांभाळणारं, पुरेशी समज असलेलं बारा वर्षांवरचं मूल धाकट्या भावंडांचं पालक होऊ शकतं. भावाच्या औषधोपचाराचा निर्णय घेण्याइतकी समज असते, मग स्वतःच्या रक्ताबद्दल त्याच्याशी कुणी थेट बोलायला काय हरकत आहे?

पालकांची सही लागते, ठीक आहे. पण त्याआधी पाच मिनिटं पालकांना बाहेर बसवून त्या मुलाशी बोला. त्याला काय विचारायचंय ते ऐका. याला ना कायदा बदलावा लागतो, ना नवं मशीन लागतं.